एकच जिम, सकाळची निराळी आणि संध्याकाळची निराळी

कोथरूडमधल्या ज्या जिममध्ये मी गेले सव्वा वर्ष जातो आहे, तिचे नाव येथे मुद्दाम लिहीत नाही, कारण तिच्याबद्दल चांगल्याइतकेच वाईटही लिहायचे आहे आणि एका सभासदाच्या अनुभवावरून कोणाच्या चालत्या व्यवसायाला बट्टा लागावा अशी माझी इच्छा नाही. तशा जिम पुण्यात गल्लोगल्ली आहेत, त्यामुळे जिमची निवड करणाऱ्याला नावाशिवायही या लेखाचा उपयोग व्हावा.

साधनसामग्री मध्यम प्रतीची आहे. चार ट्रेडमिल आहेत आणि त्यांतली एक बहुधा बंद असते. दोन स्क्वॉट रॅक, तीन बेंच, पायांनी वजन ढकलण्याचे एक लेग प्रेस, केबलची दोन यंत्रे आणि अडीच किलोपासून चाळीस किलोपर्यंतचे डंबेल आहेत. वातानुकूलन नाही, भिंतीवरचे पंखे आहेत, आणि एप्रिल-मेमध्ये ते गरम हवाच फिरवतात. वर्षाची फी चौदा हजार. जिमच्या सेवेवरचा जीएसटी सप्टेंबर २०२५ मध्ये १८ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला, आणि त्यानंतर नूतनीकरण केले तेव्हा मूळ फी न वाढवता पावतीवर ५ टक्केच लावले गेले, ही गोष्ट मालकाच्या बाजूने नोंदवायला हवी. एवढ्यावरच परीक्षण करायचे असते तर ‘ठीक आहे’ या दोन शब्दांत ते संपले असते. परंतु सकाळी सहा ते दहा आणि संध्याकाळी पाच ते दहा या दोन वेळांत ही जिम इतकी वेगळी वागते की दोन्हींचे परीक्षण स्वतंत्रपणेच करावे लागते, आणि हा फरक यंत्रांचा नसून तेथे पाळल्या जाणाऱ्या शिस्तीचा आहे.

सकाळी जे ट्रेनर असतात त्यांना सगळे नुसते ‘सर’ म्हणतात. त्यांचे वय पंचावन्नच्या पुढे असावे, आणि तरुणपणी ते पेठेतल्या एका तालमीत जात असत. तालमीत चपला बाहेर काढायच्या, कुस्तीच्या हौद्यात उतरण्यापूर्वी माती कपाळाला लावायची आणि सरावाआधी ती माती फावड्याने उकरून सारखी करून द्यायची, ही तिथली जुनी रीत आहे. वयाने लहान पोरांकडे हे उकरण्याचे काम असते आणि त्यातच त्यांचा निम्मा व्यायाम होतो. जागा वापरायची तर ती पुढच्यासाठी तयार करणे हाही कसरतीचाच भाग, हे सरांच्या अंगात तेव्हापासून मुरलेले असावे. जिममध्ये त्यांनी माती आणली नाही, पण बाहेरचे बूट आत चालणार नाहीत हा नियम ते पावसाळ्यात इतका कडक पाळतात की जुलै महिन्यातही सकाळची फरशी कोरडी असते.

मार्चमधली एक गोष्ट सांगतो. लेग प्रेसवर एका मुलाने दोन्ही बाजूंना वीस-वीस किलोच्या तीन-तीन प्लेट लावून व्यायाम केला आणि तो तसाच चेंजिंग रूममध्ये निघून गेला. त्याच्यानंतर ज्यांची पाळी होती त्या काकू साठीच्या आहेत. गुडघ्याच्या दुखण्यासाठी त्यांना हलक्या वजनाचा व्यायाम सांगितलेला आहे. यंत्रावर एकशेवीस किलो पाहून त्या क्षणभर थांबल्या आणि मग दोन्ही हातांनी पहिली प्लेट ओढू लागल्या. वीस किलोची प्लेट कमरेच्या उंचीवरून सुटली तर पायाचे काय होईल हे वेगळे सांगायला नको. सर पलीकडून म्हणाले, “काकू, तुम्ही राहू द्या,” आणि चेंजिंग रूमच्या दाराशी जाऊन त्यांनी त्या मुलाला हाक मारली. तो एका पायात बूट घालून बाहेर आला. सरांनी आवाज चढवला नाही. “या सहा तूच लावल्यास ना?” एवढेच विचारले. मुलाने सहाही प्लेट काढल्या आणि घाईघाईत एक प्लेट पंधराच्या खुंटीवर अडकवली, तेव्हा सरांनी बोटाने वीसची खुंटी दाखवली. ती जागेवर गेल्यावर ते म्हणाले, “आता काकूंना विचार, किती लावू म्हणून.” त्याने विचारले, काकूंनी पाच-पाच सांगितले, आणि त्याने ते लावून दिले. त्या दिवसापासून तो मुलगा निघण्यापूर्वी लेग प्रेसकडे एकदा वळून पाहतो.

वजने जागेवर ठेवण्याचा आग्रह काही लोकांना शाळेसारखा वाटतो, पण त्यामागे सरळ व्यवहार आहे. डंबेल क्रमाने असले तर साडेबारा किलोची जोडी शोधायला वेळ लागत नाही. नसले तर एक डंबेल रॅकवर आणि दुसरा बेंचखाली सापडतो. रॅकवर ठेवलेल्या बारच्या प्लेट काढतानाही एक बाजू पूर्ण रिकामी करून दुसरी भरलेली ठेवली तर बार उलटतो, म्हणून दोन्ही बाजूंनी आळीपाळीने काढायच्या असतात. सकाळी नव्या सभासदाला पहिल्या आठवड्यात हे दाखवले जाते. संध्याकाळी ते दाखवले जात नाही, आणि उलटलेला बार समोरच्या आरशावर जाताना मी स्वतः पाहिला आहे. तो आरसा अजून तडकलेलाच आहे.

यंत्र वाटून घेण्याची सकाळची पद्धत मला सर्वांत आवडते. बेंच प्रेसचा, म्हणजे बेंचवर उताणे पडून बार वर ढकलण्याचा, एक सेट फार तर पाऊण मिनिटात संपतो, आणि वजन जड असेल तर त्यानंतर दोन-तीन मिनिटे विश्रांती घ्यावीच लागते. म्हणजे बेंच अडलेले असते त्यातला बराचसा वेळ त्यावर व्यायाम होतच नसतो. सकाळी कोणी येऊन “किती सेट राहिले?” असे विचारले तर “अजून तीन, या ना, आलटून पालटून करू,” हेच उत्तर मिळते, आणि तिघे जण एका बेंचवर वीस मिनिटांत मोकळे होतात. वजन वेगवेगळे असले तर प्लेट बदलण्याचे काम तिघे मिळून करतात. ज्याला सपोर्ट, म्हणजे बार अडला तर धरायला कोणी, हवा असतो तो किती वेळा बार उचलणार हे आधी सांगतो, आणि सपोर्ट देणारा बार अडल्याशिवाय त्याला हात लावत नाही. वर जाणारा बार मध्येच धरणे हा उचलणाऱ्याचा अपमानच समजला जातो, आणि माझ्या मते तो असतोही.

या शिस्तीचा प्रसाद मलाही मिळालेला आहे. एकदा स्क्वॉट रॅकपाशी उभा राहून मी ऑफिसचा फोन घेतला आणि तो लांबला. सर येऊन शेजारी उभे राहिले, फोन संपेपर्यंत थांबले, आणि मग अतिशय नम्रपणे म्हणाले, “रॅक मोकळा करून देऊ का तुमच्यासाठी? म्हणजे निवांत बोलता येईल.” पुणेरी नम्रता काय असते हे मला जन्मापासून माहीत आहे, तरीही कान तापले. त्यानंतर माझा फोन लॉकरमध्येच असतो.

आता संध्याकाळ. याच यंत्रांवर सात वाजता चौपट गर्दी असते, हे मालकाचे म्हणणे खरे आहे. परंतु गर्दी जास्त तेव्हा शिस्तीची गरज अधिक असते, आणि येथे नेमके उलटे घडते. बेंचवर बसून रील पाहणारे असतात. एका दमात तीन व्यायाम करायचे म्हणून एका यंत्रावर बाटली, दुसऱ्यावर नॅपकिन आणि तिसऱ्यावर मोबाइल ठेवून तिन्ही अडवणारे असतात, जणू एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून जागा धरली आहे. डंबेलच्या रॅकला चिकटूनच व्यायाम करणारा एक जण तर रोजचा आहे. त्याच्यामागे चार माणसे वाट पाहत उभी असतात आणि तो आरशात त्यांना पाहतही असतो. जमिनीवरून उचललेला पासष्ट-सत्तर किलोचा डेडलिफ्ट सावकाश खाली न ठेवता आपटला जातो, आणि येथल्या प्लेटना वरून रबर असले तरी आत लोखंडच आहे. खालच्या मजल्यावर दंतवैद्यांचा दवाखाना आहे. तोंडात ड्रिल चालू असताना वरून असा दणका ऐकणाऱ्या रुग्णाची मला खरोखर दया येते.

घामाचा प्रश्न याहून गंभीर आहे. बेंचच्या रेक्झीनवर पाठीचा ओला ठसा तसाच सोडून उठणे हे नुसते किळसवाणे नाही. गजकर्णासारखे त्वचेचे बुरशीजन्य विकार दमट पृष्ठभागावरून आणि एकमेकांच्या टॉवेलवरून पसरू शकतात. जिमने फवाऱ्याची बाटली आणि फडके ठेवले आहे, पण संध्याकाळी सहानंतर ते एकुलते एक फडके इतके चिंब झालेले असते की त्याने पुसण्यापेक्षा न पुसलेले बरे. कागदी नॅपकिनचा रोल ठेवावा अशी सूचना मी दोनदा लिहून दिली आहे.

स्त्रियांच्या बाबतीतला फरक मला माझ्या सहकारी बाईंनी सांगितला, ज्यांनी दोन महिन्यांनी आपली वेळ बदलून सकाळची घेतली. सर कोणाचीही ढब सुधारायची असली तर आधी विचारतात, आणि हात न लावता स्वतः करून दाखवतात. संध्याकाळी मात्र न विचारता सल्ला देणाऱ्यांची कमतरता नसते; शेजारच्या मशीनवरून उठून “मॅडम, असं नाही, असं” म्हणत येणारे गृहस्थ सभासदच असतात, ट्रेनर नव्हेत. डंबेलच्या वाटेत ट्रायपॉड लावून चित्रीकरण चालते, त्या चौकटीत मागे व्यायाम करणाऱ्या बायका आपसूक येतात, आणि त्यांना कोणी विचारलेले नसते.

हे असे का होते याचे उत्तर मला भिंतीवरच्या फलकात सापडले नाही. फलक दोन्ही वेळी तोच असतो: चौदा नियम, ठळक अक्षरांत, आणि नववा ‘वजने वापरून झाल्यावर जागेवर ठेवावीत’. त्याच्या बरोबर खाली संध्याकाळी प्लेटचा ढीग असतो. उत्तर पगारात आहे. संध्याकाळचे दोघे ट्रेनर चांगले जाणकार तरुण आहेत, पण त्यांच्यापैकी एकाने मला सांगितल्याप्रमाणे त्यांचा पगार तुटपुंजा असून खरी कमाई पर्सनल ट्रेनिंगच्या कमिशनवर आहे. साहजिकच जे वेगळे पैसे भरतात त्यांच्यामागेच ते फिरतात, त्यांच्यासाठी यंत्रे अडवूनही ठेवतात, आणि ज्या मुलाला उद्या आपला ग्राहक करायचे आहे त्याला प्लेट उचलायला सांगून ते कशाला दुखावतील? मालकांशी बोललो तर ते म्हणाले, “संध्याकाळची पोरं ऐकत नाहीत हो.” लेग प्रेसवाला मुलगाही याच वयाचा होता.

एक गोष्ट मात्र माझ्या या निदानात बसत नाही. मध्यंतरी सर गावच्या जत्रेसाठी आठ दिवस रजेवर होते आणि सकाळी त्यांच्या जागी संध्याकाळचाच एक ट्रेनर येत असे. दोन-तीन दिवसांत सगळे ढासळेल असे मी धरून चाललो होतो. पाचव्या दिवशी लेग प्रेसवर एका पाहुण्या सभासदाने चार प्लेट सोडल्या, तेव्हा काकूंनीच त्याला दारातून परत बोलावले, “अहो दादा, या चार तुमच्या का?” म्हणून. तो निमूटपणे आला.

तेव्हा सकाळी आठच्या आत येणे ज्यांना जमते त्यांनी ही जिम अवश्य घ्यावी. चौदा हजारांत यंत्रे याहून चांगली मिळतील, पण अशी सकाळची वेळ मिळणे कठीण. नोकरीमुळे ज्यांना संध्याकाळच सोयीची आहे त्यांनी वर्षाचे पैसे एकदम भरू नयेत. आधी एका महिन्याचे भरावेत, आणि तेही भरण्यापूर्वी एखाद्या सोमवारी सात वाजता जाऊन साडेबारा किलोच्या डंबेलची जोडी शोधून पाहावी. सोमवारी सगळ्यांचा चेस्टचा, म्हणजे छातीच्या व्यायामाचा, दिवस असतो, आणि डंबेल त्यालाच लागतात.