कळंबोलीचा दलाल आणि त्याचा करार: गाडीमालकांसाठी पाचपैकी चार तारे

आमचा एकच दहाचाकी ट्रक. हे चालवतात, हिशोब आणि कागद माझ्याकडे. वर्षभर आम्ही कळंबोलीच्या लोखंड बाजारातल्या एका दलालाकडून मालाचं भाडं घेतोय. सही घेण्याआधी तो करार मराठीत वाचायला देतो, म्हणून लिहितेय.

सगळ्यात आधी खोटीचं, म्हणजे गाडी अडकून पडली तर मिळणाऱ्या भरपाईचं, कलम बघा. आधीच्या दलालाच्या कागदावर होतं, ‘गेट एंट्रीपासून 24 तास मोफत, पुढे दिवसाला 2,000’. नागपूरला गाडी कंपनीबाहेर अडीच दिवस रांगेत उभी राहिली. गेटमधून आतच घेतलं नाही, तर एंट्री कुठून पडणार? ह्यांनी गाडीच्या आडोशाला स्टोव्ह पेटवून दोन्ही वेळा भात केला. आत घेतल्यावर पाच तासांत माल उतरला. खोटी शून्य!

इथे शब्द आहे ‘रिपोर्टिंगपासून’. गाडी पोचली की कंपनीची पाटी दिसेल असा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर टाकायचा, तिथून तास मोजतात. मार्चमध्ये नागपूरलाच तीन दिवस गेले. पहिला दिवस मोफतचा, पुढच्या दोन दिवसांच्या खोटीचे 4,000 उरलेल्या भाड्यासोबत आले. मागावे लागले नाहीत.

त्या खेपेचं भाडं 52,000. गाडी भरल्यावर 80 टक्के, म्हणजे 41,600, त्याच संध्याकाळी खात्यात. उरलेले 10,400 पोहोच, म्हणजे माल मिळाल्याची पावती, दलालाला मिळाल्यापासून 15 दिवसांत. मात्र पोहोचेचा फोटो चालत नाही, सही-शिक्क्याची मूळ प्रत ऑफिसात पडली पाहिजे. आम्ही कुरिअर करतो आणि त्याची पावती जपून ठेवतो. दहापेक्षा जास्त गाड्या नसल्याचं पत्र पॅनसह दिलंय, त्यामुळे भाड्यातून टीडीएस (आयकर) कापत नाहीत.

नुकसानीचं कलम मी तीनदा वाचलं. 18 टन स्टीलची कॉइल म्हणजे नऊ-दहा लाखांचा माल. ‘पूर्ण किंमत गाडीमालकाकडून वसूल’ असं लिहिलेल्या कागदावर सही केली तर गाडी विकायची पाळी येईल. रस्त्याने मालवाहतुकीच्या 2007 च्या कायद्यात, माल पाठवणाऱ्याने जास्त किंमत जाहीर केली नसेल तर, वाहतूकदाराची जबाबदारी भाड्याच्या दहापटीपर्यंत धरतात. ह्या दलालाने तीच मर्यादा आमच्यासाठी लिहिलीय. 52,000 च्या खेपेला 5,20,000.

एक तारा दोन गोष्टींसाठी कापला. त्याच्या पार्टीचं, म्हणजे माल पाठवणाऱ्या कंपनीचं, काम दोन वर्षं थेट घ्यायचं नाही, असं कलम होतं. त्याची मेहनत मला मान्य आहे, पण दोन वर्षं फार झाली. शिवाय त्या पार्ट्यांच्या यादीत आमचीच जुनी एक कंपनी होती. मी बोलल्यावर त्याने एक वर्ष केलं, कंपनीचं नाव पेनाने खोडलं आणि बाजूला दोघांच्या सह्या घेतल्या.

दुसरी गोष्ट अजून तशीच आहे. उतरवायची हमाली कोणाची, ही ओळ छापील करारात कोरी असते. मागच्या खेपेला 1,800 आमच्याकडून गेले. आता गाडी भरायच्या आधी मी फोन करते, ‘दादा, हमाली पार्टीची ना? मग तेवढं लिहून पाठवा.’ तो म्हणतो, ‘पाठवतो वहिनी’. मेसेज आला की मगच हे गाडी वजनकाट्यावर घेतात.