गटाची साइट हलवताना: शेअर्ड होस्टिंग की व्हीपीएस?

आमच्या ट्रेकिंग गटाच्या साइटवर बारा वर्षांच्या नोंदी आहेत. हरिश्चंद्रगडाच्या नळीच्या वाटेत दोर कुठे लावावा लागतो, साधले घाटाने बेलपाड्यात कसं उतरायचं, मे महिन्यात कुठल्या किल्ल्याच्या टाक्यात पिण्याजोगं पाणी उरतं, असं सगळं. हे गेलं तर पुन्हा जमवायला तेवढीच वर्षं डोंगर तुडवावे लागतील. साइट नव्या सर्व्हरवर नेताना मी आधी या नोंदींचा विचार केला, पैशाचा नंतर. तुम्हीही तसाच करा, असं मनापासून सांगेन.

हलवणं आता टाळताही येत नाही. तुमच्या जुन्या सर्व्हरवर बहुधा पीएचपी (साइट चालवणारी प्रोग्रॅमिंग भाषा) 7.4 असेल, तिचे सुरक्षा-अपडेट नोव्हेंबर 2022 मध्ये थांबले. साइटचा मजकूर साठवणारा डेटाबेस मायएसक्यूएल 5.7 याची मुदत ऑक्टोबर 2023 मध्ये संपली, सर्व्हरची ऑपरेटिंग सिस्टीम सेंटओएस 7 हिची 30 जून 2024 ला.

शेअर्ड होस्टिंगमध्ये एकाच सर्व्हरवर अनेकांच्या साइट असतात आणि सर्व्हरची देखभाल कंपनी करते. पीएचपीची आवृत्ती पॅनेलवरून बदलता येते, ईमेल बहुतेक वेळा सोबतच मिळतं. व्हीपीएस (व्हर्च्युअल प्रायव्हेट सर्व्हर) म्हणजे भाड्यानं घेतलेलं, फक्त तुमच्यासाठीचं रिकामं आभासी यंत्र. उबुंटू ही लिनक्स प्रणाली टाकणं, फायरवॉल लावणं, पासवर्डऐवजी डिजिटल किल्ली (की-फाइल) वापरून लॉगिन ठेवणं, अपडेट करत राहणं हे सगळं तुमच्याकडे. दोन जीबी मेमरीचा व्हीपीएस महिना साधारण बारा डॉलरला मिळतो आणि लहान गटाला तो भरपूर होतो. शेअर्ड स्वस्त दिसतं, पण जाहिरातीतला दर पहिल्या मुदतीचा असतो. नूतनीकरणाचा दर आधी विचारा, त्यावर 18 टक्के जीएसटी धरा आणि मग दोन्हींची तीन वर्षांची बेरीज करा. अंतर बरंच कमी झालेलं दिसेल.

शेअर्डमध्ये आमची खरी अडचण झाली ती फायलींच्या संख्येची. ‘अमर्याद जागा’ असं लिहिलेलं असलं तरी एकूण फायली किती ठेवता येतील यावर मर्यादा असते आणि ती अटींमध्ये कुठेतरी खाली दडलेली असते. साइट चालवण्याचं सॉफ्टवेअर वर्डप्रेस एका फोटोच्या वेगवेगळ्या आकारांच्या पाच-सहा प्रती सहज बनवतं. वीस हजार फोटो असतील तर फायली लाखाच्या वर गेल्याच. फोटोंचा साठा मोठा असेल तर आधी जुन्या सर्व्हरवर फायली मोजा आणि तो आकडा कळवून कंपनीकडून लेखी उत्तर घ्या. व्हीपीएसवर ही अडचण सहसा येत नाही.

उलट ईमेलच्या बाबतीत व्हीपीएस त्रास देतो. बऱ्याच कंपन्या पोर्ट 25, म्हणजे ईमेल बाहेर जाण्याची वाट, बंद ठेवतात, त्यामुळे पासवर्ड बदलण्याचं साधं पत्रसुद्धा बाहेर पडत नाही. त्यासाठी वेगळी मेलसेवा घ्यावी लागते, पत्र खरंच आपल्याकडूनच गेलंय हे पटवणाऱ्या एसपीएफ आणि डीकेआयएम या नोंदी डोमेनवर कराव्या लागतात. फेब्रुवारी 2024 पासून जीमेल आणि याहू यांनी या नोंदींबाबतचे नियम आणखी कडक केले आहेत.

मराठी साइटसाठी सगळ्यात नाजूक जागा डेटाबेसची. मायएसक्यूएल 8.0 येण्याआधी तक्त्यांचा मूळ अक्षरसंच लॅटिन-1, म्हणजे युरोपीय लिपीपुरता, असायचा. आपण त्यातच देवनागरी भरत गेलो आणि साइटही त्याच चुकीच्या पद्धतीनं वाचत असल्यानं कधी काही बिघडलेलं दिसलं नाही. हलवताना मात्र नवा सर्व्हर त्याच मजकुराचं पुन्हा एकदा रूपांतर करतो आणि ‘रतनगड’च्या जागी परदेशी चिन्हांचा चिवडा दिसतो. घाबरू नका, मूळ डेटा शाबूत असतो. डंप (सगळ्या डेटाबेसची एका फाइलमधली प्रत) लॅटिन-1 म्हणूनच काढायचा, फाइलमधली अक्षरसंचाची नोंद बदलून यूटीएफ8एमबी4 (देवनागरीसह सगळ्या लिप्यांचा अक्षरसंच) करायची आणि मग ती फाइल नव्या सर्व्हरवर आयात करायची. पहिल्या फटक्यात जमेलच असं नाही, मला तिसऱ्यांदा जमलं. व्हीपीएसवर कमांड लाइन असल्यानं हे सोपं जातं, तर शेअर्डवर मोठी फाइल आयात होताना मध्येच अडकू शकते. पण तेवढ्यासाठी व्हीपीएस घेऊ नका. हीच दुरुस्ती घरच्या लॅपटॉपवर मायएसक्यूएल टाकून करता येते. मग स्वच्छ झालेला डंप तुकड्यातुकड्यानं चढवायचा.

बॅकअपसाठी दोन्हींपैकी कुठल्याच कंपनीवर विसंबू नका. 10 मार्च 2021 ला फ्रान्समध्ये स्ट्रासबर्गला ओव्हीएच कंपनीच्या डेटा सेंटरची एक इमारत जळाली. ज्यांची दुसरीकडे प्रत नव्हती, अशा कित्येकांच्या साइट त्या आगीत कायमच्या गेल्या. आमची एक प्रत दर रविवारी एका सदस्याच्या घरच्या हार्ड डिस्कवर उतरते.

सर्व्हर मुंबई-बंगळूरचा घेतलात तर इथल्या वाचकांना साइट चटकन उघडते.

आता निवडीचं. गटात लिनक्स जाणणारी आणि पुढची तीन वर्षं हे काम करायला तयार असणारी किमान दोन माणसं असतील तर व्हीपीएस घ्या. एकच असेल तर घेऊ नका. त्या एकाची बदली झाली, घरी बाळ आलं, गुडघा दुखावला, की अपडेट थांबतात आणि सहा महिन्यांत साइटवर भलत्याच जाहिराती झळकू लागतात. आमच्याकडे असा एकच माणूस होता. म्हणून फायलींची मर्यादा मोठी असलेलं शेअर्ड होस्टिंग घेतलं आणि फोटोंचे नको असलेले आकार काढून टाकले.

दिवस मे महिन्यातला निवडला, कारण जूनच्या पहिल्या पावसानंतर साइटवर गर्दी उसळते. दोन दिवस आधी डीएनएसचा (साइटच्या नावावरून सर्व्हरचा पत्ता सांगणाऱ्या व्यवस्थेचा) टीटीएल, म्हणजे जुना पत्ता किती वेळ लक्षात ठेवायचा तो अवधी, 300 सेकंदांवर आणला, हलवताना नव्या नोंदी बंद ठेवल्या आणि जुना सर्व्हर महिनाभर तसाच चालू ठेवला. त्या महिन्यात जुन्या नोंदी एकेक उघडून पाहिल्या. दोन फोटो सापडले नाहीत, ते जुन्या सर्व्हरवरून आणून लावले.