पिक ६० रुपयांचा की ३,००० रुपयांचा?

सात-आठ वर्षं गिटार वाजवल्यावर मी मँडोलिन हातात घेतलं, पण पिक, म्हणजे तारा छेडायचा छोटा तुकडा, जुनाच ठेवला: डनलॉप कंपनीचा ०.७३ मि.मी. जाडीचा पिवळा टॉर्टेक्स. ट्रेमोलो, म्हणजे पिक झपाट्यानं खाली-वर फिरवून एकच सूर सलग वाजवणं, काही केल्या जमेना. सूर सलग वाहायचं सोडून फडफडायचा आणि वरच्या ई तारेवर तर नुसता प्लॅस्टिकचा टकटकाट ऐकू यायचा. दोन-तीन महिने मी मनगटाला दोष देत राहिलो. मग एका जुन्या वादकानं तो पिक माझ्या हातातून काढून घेतला आणि खिशातला एक जाड, गोलसर कोपऱ्यांचा तिकोनी पिक हातात ठेवला. मनगट तेच, वाद्य तेच, पण सूर एकदम भरून आला.

म्हणून नव्यानं पिक निवडणाऱ्याला मी नेहमी एकच क्रम सांगतो: आधी जाडी, मग काठ, मग तो कशाचा बनवलाय ते, आणि किंमत सगळ्यात शेवटी. हा क्रम उलटा केला की ३,००० रुपयांचा पिकही वाद्याला जुळत नाही आणि ड्रॉवरमध्ये पडून राहतो.

जाडी

पिक तारेला टेकतो तेव्हा दोघांत ओढाताण होते. पिक पातळ असेल तर तार हलण्याआधी पिकच वाकतो, तारेवरून सुटतो आणि सरळ व्हायला क्षणभर घेतो. गिटारवर कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजणारे अनेक सूर, वाजवताना हे वाकणं फायद्याचं असतं. सहा तारांवरून हात फिरताना एकही तार मध्येच ओरडत नाही, सगळ्या मिळून झुळूक आल्यासारख्या वाजतात. गाण्याला साथ करायची असेल तर ०.६० ते ०.७३ मि.मी. पुरे. थोडी साथ आणि मधूनच सुटे सूर असं मिश्र वादन असेल तर ०.८८ किंवा १ मि.मी. आणि अकूस्टिक गिटारवर फक्त सुट्या सुरांची धून, म्हणजे फ्लॅटपिकिंग, करायचं असेल तर १.२ मि.मी.च्या पुढेच बघा.

मँडोलिनची गोष्ट वेगळी आहे. आठ तारा चार जोड्यांत लावलेल्या असतात, म्हणजे प्रत्येक फटक्याला पिकला दोन तारा एकदम हलवायच्या असतात. त्यात तारेची वाजणारी लांबी जेमतेम १४ इंच, गिटारची साधारण २५ इंच. आखूड तार बोटांना कडक लागते आणि तिचा सूर लवकर विझतो. तो जिवंत ठेवायला ट्रेमोलो लागतो, आणि ट्रेमोलोत पिकला सरळ व्हायला सवडच मिळत नाही. म्हणून मँडोलिनला १.२ ते १.५ मि.मी. जाडी ही आवडीनिवडीची बाब नाही, ती गरज आहे. लक्ष्मीकांत-प्यारेलाल या जोडीतले लक्ष्मीकांत कुडाळकर मुळात मँडोलिनवादक होते. त्या काळातल्या हिंदी गाण्यांमधलं मँडोलिन आठवून बघा, लांबलेला सूर कुठेही तुटत नाही. तो सलगपणा पातळ पिकवर मिळणं फार अवघड.

दोन्ही वाद्यांना मिळून एकच पिक चालेल का, हा प्रश्न मला सतत विचारला जातो. अगदीच एक घ्यायचा असेल तर १.१४ मि.मी.चा जांभळा टॉर्टेक्स घ्या आणि गिटारवर कॉर्ड वाजवताना तो सैल धरा. पण माझं मत विचाराल तर दोन ठेवा. या किमतीत काटकसर करण्यासारखं काही नाही.

काठ

याकडे लोक सर्वात कमी लक्ष देतात आणि मला तर हा भाग सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. टोकदार पिक तारेला एका बारीक जागी स्पर्श करतो, त्यामुळे आवाजात वरचे स्वरांश जास्त येतात, आवाज चकचकीत आणि धारदार होतो. गोल काठ तारेला रुंद जागी टेकतो, त्यामुळे सूर जाड आणि उबदार येतो, पण ठाशीवपणा थोडा कमी होतो. डेव्हिड ग्रिस्मन यांच्यामुळे मँडोलिनवाल्यांत गोल कोपऱ्यांचे जाड पिक लोकप्रिय झाले. उलट ख्रिस थिली ज्या तिकोनी पिकनं वाजवतो त्याचे कोपरे त्यापेक्षा टोकदार आहेत. दोघेही या वाद्याचे अव्वल वादक, आणि दोघांचा आवाज एकमेकांपासून कोसभर लांब.

इथे एक फुकटचा प्रयोग सांगतो. तुमच्याकडे नेहमीचा थेंबाच्या आकाराचा पिक असेल तर तो फिरवा आणि टोकाऐवजी वरच्या गोल खांद्यानं वाजवा. कितीतरी मँडोलिनवादक असंच वाजवतात. आवाज आवडला, तर तुम्हाला गोल कोपऱ्यांचा पिक हवाय हे एक रुपया न घालवता कळलं.

काठ किती गुळगुळीत आहे हेही बघा. साच्यातून काढलेल्या स्वस्त पिकच्या कडेला बारीक कड राहते आणि गुंडाळलेल्या तारेवर ती खरखरते. महागड्या पिकची निम्मी करामत म्हणजे हाच काठ नीट तासून, तिरका करून, घोटून दिलेला असतो. ६०० नंबरच्या पॉलिश पेपरपासून सुरुवात करून २००० पर्यंत गेलात आणि शेवटी जीन्सच्या कापडावर घासलंत, तर ६० रुपयांच्या पिकचा काठही बराच सुधारतो. पंधरा मिनिटांचं काम आहे.

कशाचा बनवलाय?

नायलॉनचे पिक मऊ वाजतात, पकडायला सोपे असतात आणि कॉर्डसाठी छान. नायलॉन हवेतली ओल शोषतं, त्यामुळे पावसाळ्यात ते जरा जास्तच लवचिक होतात. मँडोलिनला नकोतच.

सेल्युलॉइड हे जुनं घराणं. न्यूयॉर्कमध्ये लुइजी डी'अँड्रिया यांनी १९२२ मध्ये सेल्युलॉइडचे पिक कापायला सुरुवात केली आणि आज आपण ज्याला साधा पिक म्हणतो तो ३५१ नंबरचा आकार त्याच परंपरेतला. टेबल टेनिसचे चेंडू २०१४ पर्यंत याच पदार्थाचे असायचे. आवाज गोड, थोडा उजळ, अकूस्टिक गिटारला शोभणारा. दोष दोन: काठ लवकर झिजतो, आणि पदार्थ ज्वालाग्राही आहे, तेव्हा मेणबत्ती-उदबत्तीपासून लांब ठेवा.

टॉर्टेक्स १९८१ मध्ये डनलॉपनं आणला. पृष्ठभाग खडूसारखा कोरडा असतो, त्यामुळे घाम आला तरी हातातून सरकत नाही. मुंबईच्या मे महिन्यात वाजवणाऱ्याला याची किंमत कळते. रंगावरून जाडी ओळखता येते: नारिंगी ०.६०, पिवळा ०.७३, हिरवा ०.८८, निळा १, जांभळा १.१४. आवाज स्वच्छ पण जरासा सपाट. शिकणाऱ्यासाठी यापेक्षा चांगली सुरुवात मला माहीत नाही.

त्याच कंपनीचा अल्टेक्स जास्त कडक आहे, आवाज मोठा आणि स्पष्ट. याच पदार्थाचे प्राइमटोन नावाचे पिक येतात, त्यांचे काठ घासून-घोटून तिरके केलेले असतात. एका पिकची किंमत टॉर्टेक्सच्या चार-पाच पट पडते. गिटारला थेंबाचा आकार घ्या, मँडोलिनला १.३ ते १.५ मि.मी.चा मोठा तिकोनी. माझ्या मते पैसा आणि आवाज यांचा सर्वात चांगला मेळ इथे बसतो.

नेदरलँड्सचे 'वेगन' (Wegen) नावाचे पिक हातानं बनवलेले, पांढरे, धरायला जाड पण काठाशी खूप घोटलेले. त्यांचा एम-१५० हा १.५ मि.मी.चा पिक मँडोलिनसाठीच आहे. आवाज गडद, टकटक जवळजवळ नाही. ज्यांचं मँडोलिन मुळातच कर्कश आहे त्यांनी हा जरूर वापरून बघावा. मँडोलिन आधीच मंद असेल तर टाळा, ते आणखी दबतं.

दुधातल्या केसीन या प्रथिनापासून केलेले पिकही परदेशात मिळतात. घामानं आणि दमट हवेनं ते वाकतात, त्यामुळे कोकण-मुंबई-गोव्यात राहणाऱ्याला मी ते सुचवणार नाही.

आता ब्लू चिप. अमेरिकेतल्या टेनेसीमध्ये बनणारा हा पिक व्हेस्पेल नावाच्या पॉलिइमाइडचा, म्हणजे एका टणक प्लॅस्टिकचा, असतो. हा पदार्थ मुळात विमानांच्या आणि यंत्रांच्या घर्षण सोसणाऱ्या भागांसाठी वापरला जातो. तारेवरून तो इतका सहज सुटतो की ट्रेमोलोत हात हलका झाल्यासारखा वाटतो. बोटांच्या उबेनं पकड घट्ट होते आणि झीज फार हळू होते. नावापुढचा आकडा म्हणजे इंचाचे हजारावे भाग: ५५ म्हणजे सुमारे १.४ मि.मी. थिलीच्या नावाचा सीटी-५५ याच जाडीचा आहे. किंमत ३५ डॉलरच्या पुढे, म्हणजे ३,००० रुपये, वर टपाल आणि सीमाशुल्क वेगळं. डावखुऱ्यांनी मागवताना काठ कोणत्या हातासाठी तिरका केलाय ते आधी बघावं.

पैसे वसूल होतात का? रोज तासभर तरी सुटे सूर किंवा ट्रेमोलो वाजवणाऱ्याचे होतात, असं मी मनापासून सांगतो. पण प्राइमटोनपासून ब्लू चिपपर्यंतचा फरक हा टॉर्टेक्सपासून प्राइमटोनपर्यंतच्या फरकापेक्षा बराच लहान आहे. फक्त कॉर्ड वाजवणाऱ्यानं तेच पैसे चांगल्या तारांवर घालावेत.

जुन्या लेखांत कासवाच्या पाठीच्या पिकची स्तुती वाचायला मिळते. तो हॉक्सबिल कासवाच्या कवचाचा असायचा. १९७७ पासून या कासवाच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर बंदी आहे आणि आपल्याकडे वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार तो गुन्हा आहे. आपल्या वेळासच्या किनाऱ्यावर लोक ऑलिव्ह रिडले कासवांची अंडी राखतात, पिल्लं समुद्राकडे सोडतात. ते एकदा पाहिलेल्या माणसाला कवचाचा पिक हातात धरवणार नाही. कोणी 'जुना आहे, चालतो' म्हणून विकायला आला तरी घेऊ नका.

आपल्याकडे त्याला एक सुंदर पर्याय आहे. सरोदिये ज्या जव्यानं वाजवतात तो नारळाच्या करवंटीचा असतो. करवंटीचा सपाटसा तुकडा कापून, घासून दीड-दोन मि.मी.पर्यंत आणला की गिटारवर तो लाकडासारखा, खर्जाकडे झुकलेला सूर देतो. काठ लवकर झिजतो, महिन्या-दोन महिन्यांनी पुन्हा घोटावा लागतो. मँडोलिनच्या बारीक तारांवर मला तो थोडा दबलेला वाटतो, पण गिटारवर संथ धून वाजवायला मी आजही तोच उचलतो.

मागवायचंच असेल तर पहिल्या खेपेला हिरवा आणि जांभळा टॉर्टेक्स, प्राइमटोनचा एक मोठा तिकोनी, एवढंच मागवा. मग घरातल्या कुणाला तरी समोर चार फुटांवर बसवा, कारण वाजवणाऱ्याला वरून ऐकू येतं ते समोरच्याला ऐकू येत नाही. एकच ओळ प्रत्येक पिकनं तीन वेळा वाजवा, फोनवर रेकॉर्ड करा आणि पिकचा क्रम ऐकणाऱ्याला सांगू नका. दुसऱ्या दिवशी, कान ताजे असताना, रेकॉर्डिंग तुम्हीही ऐका.