सुपरनॅचरल: पंधरा सीझन, नियमांचा गोंधळ, तरीही बघाच

पंधरा सीझन, ३२७ भाग. संपवली एकदाची. सप्टेंबर २००५ ते नोव्हेंबर २०२० अशी तब्बल पंधरा वर्षं ही अमेरिकन मालिका चालली. सॅम आणि डीन विंचेस्टर हे दोघे भाऊ १९६७ च्या काळ्या इम्पाला गाडीतून गावोगाव हिंडतात, भुतांची हाडं उकरून, मीठ टाकून जाळतात. मूळ कर्ता एरिक क्रिपकी याच्या डोक्यात पाच सीझनची गोष्ट होती आणि ती २०१० मध्ये नीट संपलीही. मालिका मात्र थांबली नाही. लेखक बदलले, सूत्रधार बदलले आणि भुताखेतांचे नियमही बदलत गेले.

मी पोटापाण्यासाठी प्रूफं तपासते. बाराव्या पानावर वारलेले मामा ऐंशीव्या पानावर चहा पिताना दिसले की हात आपोआप लाल पेनाकडे जातो. ही मालिका माझ्यासारखीने बघूच नये खरं तर. भाचीने आग्रह केला म्हणून सुरू केली. पहिल्या आठवड्यातच ती वैतागली. म्हणाली, "मावशी, तू बघतेयस की तपासतेयस?"

पहिल्या सीझनमधल्या कोल्ट पिस्तुलाचं घ्या. यानं काहीही मरतं, असं या भावांचा बाप सांगतो आणि आपण ते धरून चालतो. पाचव्या सीझनमध्ये डीन तेच पिस्तूल थेट ल्युसिफरच्या, म्हणजे सैतानाच्याच, कपाळावर झाडतो. ल्युसिफर पडतो, उठतो आणि म्हणतो, या पिस्तुलानं न मरणाऱ्या पाचच गोष्टी सृष्टीत आहेत, त्यातला एक मी. उरलेल्या चार कोणत्या, यावर चाहत्यांनी वर्षानुवर्षं याद्या केल्यात. मला ही पलटी आवडली. एक तर बापाचं ज्ञान ऐकीव होतं, भुताखेतांच्या शिकाऱ्यांच्या गप्पांतून आलेलं. आणि त्या एका गोळीसाठी एलन आणि जो या शिकारी मायलेकी नुकत्याच जिवानिशी गेलेल्या असतात. नियम मोडला, पण त्याची किंमत कुणीतरी मोजली. विसंगती झाकायला चाहते जे बचाव करतात, त्यातला हा पहिला मी मनापासून मान्य केलाय: बोलणारा कोण आहे ते बघा, त्याला सगळं माहीत असेलच असं नाही.

रीपरांच्या बाबतीत हा बचाव कामाला येत नाही. मेलेल्यांना न्यायला येणारे हे रीपर पहिल्या दोन सीझनमध्ये भलतेच प्रभावी आहेत. कुणाच्या अध्यात ना मध्यात. दुसऱ्या सीझनच्या पहिल्याच भागातली टेसा डीनच्या शेजारी बसून त्याला मरणाबद्दल शांतपणे समजावते, तो प्रसंग अख्ख्या मालिकेतल्या उत्तमांपैकी एक. आठव्या सीझनमध्ये मात्र रीपर एकदम चोरवाटेनं आत्मे पोचवणारा टॅक्सीवाला होतो. नाव काय, तर अजय! (अमेरिकन टॅक्सी म्हटली की आपलाच माणूस.) नवव्यात रीपर हे देवदूतच असल्याचं कळतं, देवदूतांच्या सुऱ्यानं ते पटापट मरतात. पुढे बिली नावाची रीपर येते आणि रीपर पुन्हा मृत्यूच्या हाताखालचे स्वतंत्र जीव होतात. मधल्या भानगडीबद्दल कुणी चकार शब्द काढत नाही. कथानकाला त्या आठवड्यात जे सोयीचं, ते केलं. इथे लाल पेन.

पाचव्या सीझनचा एकोणिसावा भाग घरातल्या मोठ्यांसमोर लावू नका. वाटेतल्या एका हॉटेलात जगभरचे देव ल्युसिफरविरुद्ध बैठकीला जमतात. त्यात काली आहे आणि सुटाबुटातला गणेशही. जेवणात माणसाचं मांस. ल्युसिफर येऊन एकेकाला मारतो, गणेशालाही. डीनला हॉटेलात चक्क हत्ती दिसतो तेव्हा मी हसले, पण पुढे हसू मावळलं. आपला बाप्पा आणि नैवेद्याला हे! विघ्नहर्त्याला दोन मिनिटांत गारद करणारं हे पुराण लिहिताना कुणी आपल्याकडच्या एकाला तरी विचारलं असतं तर बरं झालं असतं.

गणपतीवरून आठवलं. आजोबा श्रावणात पोथी लावायचे. गणपतीचं डोकं शंकरानं उडवलं की शनीच्या नजरेनं गेलं, असं कुणी विचारलं की "कल्पभेद!" म्हणायचे आणि पान उलटायचे. कल्प म्हणजे सृष्टीचा एक फेरा; तो कल्प वेगळा, हा कल्प वेगळा, कथा दोन्ही खऱ्या. मालिकेनं शेवटी हाच मार्ग धरला. चौथ्या सीझनमध्ये भेटलेला चक हा दारुडा कादंबरीकार अकराव्यात देव निघतो. त्यानं असंख्य जगं रचलीत, न आवडलेले खर्डे फेकून दिलेत. पंधराव्यात तर तो भावांवरची कृपादृष्टीच काढून घेतो. लगेच गाडी बंद पडते, कार्ड नाकारलं जातं, सॅमला सर्दी होते, डीनचे दात किडलेले निघतात. इतकी वर्षं यांना साधं पडसं का झालं नाही, याचं उत्तर मिळालं! या भागाला मी उठून टाळ्या वाजवल्या.

चाहत्यांचा रेटाही बघण्यासारखा. सावत्र भाऊ ॲडम पाचव्या सीझनच्या शेवटी नरकातल्या पिंजऱ्यात पडला आणि लेखक त्याला विसरले. पृथ्वीवरचे चार महिने म्हणजे नरकातली चाळीस वर्षं, हा हिशोब मालिकेनंच दिलेला. लोकांनी तो मांडला, पोराची शेकडो वर्षं भरली. टोमणे इतके झाले की दोनशेव्या भागात मालिकेनं स्वतःच त्याची आठवण काढली. पंधराव्यात तो बाहेर आला आणि निवांत बर्गर खात बसला.

माझ्याकडून पाचात साडेतीन. पहिले पाच सीझन सलग बघा, नंतर अकरावा आणि पंधरावा. सातवा पळवत पळवत. त्यातले लेव्हायथन म्हणजे देवानं सृष्टीच्या आरंभी कोंडून ठेवलेले महाराक्षस, आणि ते भाजतात कशानं? टाकणखारानं.