घटस्फोट परदेशातला की इथला?

विशेष विवाह कायदा, 1954 अन्वये पुण्यात परदेशी नागरिकाशी विवाह केलेली आणि आता विभक्त असलेली एक मैत्रीण याच पेचात आहे.

वैधतेच्या दृष्टीने, सर्वोच्च न्यायालयाच्या 1991 च्या निकालानुसार, परदेशी न्यायालयाचा घटस्फोटाचा हुकूमनामा (निर्णय) सहसा तेव्हाच मान्य होतो, जेव्हा घटस्फोटाचे कारण ज्या कायद्याने विवाह झाला त्यात बसते आणि प्रतिपक्षाने त्या न्यायालयाचे अधिकारक्षेत्र स्वेच्छेने स्वीकारलेले असते. एकतर्फी हुकूमनाम्यावर विसंबणे मला फार धोक्याचे वाटते. कारण इथे विवाह कायम ठरला आणि मृत्युपत्र नसेल, तर 1925 च्या उत्तराधिकार कायद्यानुसार, मुले असताना, तिच्या घराचा एक तृतीयांश वाटा पतीकडे जाऊ शकतो.

इथे परस्पर संमतीच्या घटस्फोटाच्या अर्जाला वर्षभराचे विभक्त राहणे आणि सर्वसाधारणपणे सहा महिने लागतात. संमती व इथली मालमत्ता असल्यास हाच मार्ग घ्यावा; तिने परदेशी खटल्यात स्वतः भाग घेतला असेल, तरच परदेशातला.