अथेन्सहून आणलेला ब्राँझचा पोसायडन (की झ्यूस?): दहा महिन्यांनंतर

मूळ मूर्ती फोटोत सगळ्यांनी पाहिलेली असते, त्यामुळे वर्णन लांबवत नाही. ग्रीसमधल्या आर्टेमिसियनच्या समुद्रातून निघालेला तो दाढीवाला देव, डावा हात समोर ताणलेला, उजवा मागे, काहीतरी फेकण्याच्या बेतात. गेल्या ऑक्टोबरात अथेन्सला गेलो होतो, तेव्हा प्लाका भागातल्या एका दुकानातून त्याची 32 सेंटिमीटरची प्रतिकृती घेतली. 180 युरो. म्हणजे 16 हजारांच्या वर. बायकोला आकडा अजून युरोतच माहीत आहे.

घेण्याचं कारण अस्सल कोल्हापुरी. आमच्या टाऊन हॉलच्या म्युझियममध्ये कोल्हापुरातल्याच ब्रह्मपुरी टेकडीच्या उत्खननात सापडलेला ब्राँझचा पोसायडन, म्हणजे ग्रीकांचा समुद्रदेव, आहे, वीतभरही नाही. शाळेच्या सहलीपासून बघतोय. त्याचा एक भाऊबंद घरी असावा, एवढीच हौस.

घरी येऊन खोकं उघडलं. खोक्यावर ‘पोसायडन’, आतल्या प्रमाणपत्रावर ‘झ्यूस’, म्हणजे ग्रीक देवांचा राजा. दुकानदाराला मेल टाकली, तर उत्तर आलं की दोन्ही बरोबर आहे. मला वाटलं, गिऱ्हाईक परदेशी आहे म्हणून गुंडाळतोय. पण वाचत गेलो तसा त्याच्यावरचा राग उतरला. मूळ मूर्तीच्या हातातलं शस्त्रच सापडलेलं नाही. वज्र धरलं तर झ्यूस, त्रिशूळ धरला तर पोसायडन. त्रिशूळ असता तर तो नेमका चेहऱ्याच्या आड आला असता, आणि वज्र फेकणाऱ्या झ्यूसच्या याच पवित्र्यातल्या लहान ब्राँझमूर्ती ग्रीसमध्ये सापडलेल्या आहेत, म्हणून बहुतेक अभ्यासकांचा कल झ्यूसकडे आहे. थोडक्यात, पोसायडनचे पैसे मोजून मी झ्यूस आणला. चालायचंच.

खरी डोकेदुखी नावाची नाही, डाव्या हाताची आहे.

मूळ मूर्तीची उंची 2.09 मीटर आणि दोन्ही हातांचा पसारा जवळजवळ तेवढाच. हे मी संग्रहालयात उभं राहून वाचलं होतं, तरीही विकत घेताना फक्त उंची बघितली. आमच्या शोकेसचा कप्पा उंचीला 36, रुंदीला 28. देव सरळ बसत नाही, तिरका बसत नाही, पाठमोराही बसत नाही. शेवटी टीव्हीशेजारच्या टीपॉयवर ठेवला, तर हात येण्याजाण्याच्या वाटेत. पहिल्या आठवड्यात त्यावर स्कूटरची किल्ली लटकली, मग आईचा चष्मा, मग मास्क. देवांचा राजा असो नाहीतर समुद्राचा, आमच्याकडे तो खुंटी झाला. आणि फेब्रुवारीत पुसताना फडकं हाताला अडकलं, मूर्ती खाली आली आणि खांद्यापासून डावा हात निखळला.

गंमत बघा, मूळ मूर्तीचासुद्धा 1926 साली समुद्रातून आधी डावा हातच वर आला होता. बाकीचा देह 1928 मध्ये. पण हे आठवून हसायला मला दोन दिवस लागले.

दुकानाला फोटो पाठवले. उत्तर: हाताने बनवलेल्या वस्तूला वॉरंटी नसते, स्वखर्चाने परत पाठवा, बघतो. कुरिअरचा भाव विचारला तर मूर्तीच्या निम्म्या किमतीवर गेला. तीन मेल मी लिहिल्या, शेवटची जरा कोल्हापुरी. तिला उत्तर नाही.

मग गावातल्या ओळखीच्या ओतारीकाकांकडे नेली. त्यांनी तुटलेली कड अंगठ्याने चाचपली आणि म्हणाले, “हात वेगळा ओतून जोडलाय, बाळ. ओतकाम चांगलं आहे. जोड घाईत मारलाय.” मेणाचा साचा, आतून पोकळ, हे त्यांना सांगावं लागलं नाही. मीच उगाच सांगत बसलो की प्राचीन ग्रीक कारागीरही मोठ्या मूर्ती तुकड्यातुकड्यांत ओतून जोडायचे. “मग काय, एवढा माणूस एका घाण्यात ओततील?” असं म्हणून ते कामाला लागले. डाग दिला, घासलं, 400 रुपये घेतले. इथे माझं एक मत बदललं: तोपर्यंत मला शंका होती की ही ब्राँझची पूड घातलेली रेझिनची मूर्ती असावी. तुटलेल्या कडेला लालसर पिवळा धातू दिसला तेव्हा खात्री पटली. माल खरा आहे. प्रमाणपत्रापेक्षा हा पुरावा मला जास्त पटला.

डाग देताना खांद्यावरचा हिरवा रंग जळून गेला होता. काकांनी नवसागराचं पाणी लावून तिथे नवा हिरवा आणला, दुकानाच्या हिरव्यापेक्षा सुंदर. मी तर सगळी मूर्तीच तशी करून घ्यायच्या विचारात होतो. पण जुलैत, कोल्हापूरचा पाऊस घरात शिरल्यावर, नेमक्या त्या खांद्यावर फिकट हिरवी भुकटी सुटायला लागली. नवसागरातलं क्लोराइड आणि दमट हवा एकत्र आली की तांब्याच्या मिश्रधातूला हा रोग लागतो, समुद्रातून काढलेल्या ब्राँझनाही हीच भीती असते. आईचं निदान सोपं होतं: “कळकलंय, चिंच लाव.” चिंच लावली असती तर पूर्ण झ्यूस समईसारखा झळाळला असता. मी भुकटी मऊ ब्रशने झाडली, खांदा साध्या पाण्याने पुनःपुन्हा धुतला, हेअर ड्रायरने सुकवला आणि वर मेणाचा पातळ हात दिला. महिना झाला, अजून तरी पुन्हा सुटलेली नाही.

चेहरा, दाढी, पाठीचे स्नायू यांत मला खोट काढता येत नाही. टाच उचललेला मागचा पाय तर कितीही वेळ बघावा. पण पाचपैकी साडेतीनच देतो, दीड त्या जोडाचे कापले. नवा जोड पक्का आहे, फक्त हात पूर्वीपेक्षा किंचित वर चढलाय. आधी तो दाराकडे रोखलेला असायचा, आता भिंतीवरच्या घड्याळाकडे. किल्ली मात्र आता लटकवली तर घसरत नाही, असं बायको म्हणते.