सुबारू एसटीआय ई८५वर: चौदा महिने आणि अकरा हजार मैल चालवल्यावर

लिहीन लिहीन म्हणत बरेच दिवस गेले, पण एक अख्खा हिवाळा जाऊ दे मगच लिहायचं असं ठरवलं होतं. ई८५ म्हणजे इथेनॉल जास्त आणि पेट्रोल थोडं असं इंधन, ई पुढचा आकडा इथेनॉलचा टक्का. अमेरिकेत मिनेसोटासारख्या कडक थंडीच्या राज्यात राहून त्याचं कौतुक जुलैमधे कोणीही करेल, जानेवारीत सकाळी सहाला गाडी चालू झाली तर खरं. आता हिवाळाही झाला, दुसरा उन्हाळा लागलाय, तर जे झालं ते सगळं लिहितो.

गाडी २०१७ची डब्ल्यूआरएक्स एसटीआय, मी सेकंडहँड घेतली तेव्हा ४१ हजार मैल झालेले. इंजिन ईजे२५७, अडीच लिटर, हवा दाबून इंजिनात भरणारा टर्बो कंपनीचाच, व्हीएफ४८, कागदावर ३०५ हॉर्सपॉवर. आधीची दोन वर्षं प्रीमियम पेट्रोलवर स्टेज टू होती, म्हणजे टर्बोमागचा एक्झॉस्टचा पाईप, डाऊनपाईप, बदललेला (धूर साफ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर त्यात आहे, तो काढणं इथे केंद्रीय कायद्याने बेकायदा आहे आणि मला काढायचाही नव्हता) आणि ॲक्सेसपोर्टने (गाडीला जोडायचं हातातलं यंत्र) ईसीयूचं, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या संगणकाचं, ट्यूनिंग. आमच्या भागात प्रीमियम म्हणजे बहुतेक पंपांवर ९१ ऑक्टेनच मिळतं आणि खरी अडचण तिथेच होती. ॲक्सेसपोर्टच्या स्क्रीनवर मी फीडबॅक नॉकचा आकडा कायम लावून ठेवतो; नॉक म्हणजे सिलिंडरमधे इंधनाचा नको तेव्हा आपोआप उडालेला भडका, आणि ऑक्टेन कमी असलं की तो लवकर होतो. उन्हाळ्यात बाहेर ३२-३३ डिग्री असताना हायवेला लागताना तिसऱ्या गिअरमधे पाय दाबला की तिथे -१.४१ दिसायचं, कधी -२.८१. म्हणजे नॉक सेन्सरला आत खडखड ऐकू आली आणि ईसीयूने टायमिंग, म्हणजे ठिणगी पाडायची वेळ, मागे ओढलं. या इंजिनाचे पिस्टन कास्ट आहेत, नॉक फार सहन करत नाहीत, रिंगलँड (पिस्टनवर रिंगांच्या मधली कड) तुटते आणि मग इंजिन उघडण्याशिवाय इलाज नाही, हे एसटीआयवाल्यांना वेगळं सांगायला नको. तो आकडा दिसला की माझा पाय आपोआप वर यायचा. मग एवढी गाडी घेऊन करायचं काय?

म्हणून ई८५. लोकांना वाटतं इथेनॉलमधे ताकद जास्त असते, तसं अजिबात नाही. गॅलनमागे ऊर्जा पेट्रोलपेक्षा जवळजवळ एक तृतीयांश कमीच आहे. फायदा दुसरीकडे आहे. एक तर ते सहजासहजी नॉक होत नाही, आणि दुसरं म्हणजे वाफ होताना ते पेट्रोलच्या दुपटीहून जास्त उष्णता शोषून घेतं, त्यामुळे सिलिंडरमधे जाणारी हवा गार होते. टर्बोच्या गाडीत हवा दाबली की तापते आणि तापली की नॉक, हे सगळं गाडं तिथेच अडतं, आणि इथेनॉल नेमकं तिथेच कामाला येतं. मग बूस्ट, म्हणजे टर्बोचा हवेवरचा दाब, वाढवता येतो, टायमिंग पुढे नेता येतं, आणि हॉर्सपॉवर त्यातून येते. नुसतं ई८५ भरून काही होत नाही, उलट नुकसान होईल, कारण वजनाने एक भाग पेट्रोलला जळायला १४.७ भाग हवा लागते आणि शुद्ध इथेनॉलला ९ भाग, म्हणजे तेवढ्याच हवेला इंधन खूप जास्त सोडावं लागतं. ई८५वर साधारण तीस-पस्तीस टक्के जास्त धरा. इंधन फवारणारे कंपनीचे ५६५ सीसीचे इंजेक्टर तिथे पुरत नाहीत.

तर मी १०५० सीसीचे इंजेक्टर बसवले, टाकीतला पंप ताशी ३४० लिटरचा घातला, आणि फ्लेक्स फ्युएल सेन्सर. सेन्सर परतीच्या लाइनमधे बसतो, आतून जाणाऱ्या इंधनात इथेनॉल किती टक्के आहे ते मोजतो आणि ईसीयूला फ्रिक्वेन्सी पाठवतो, ५० हर्ट्झ म्हणजे शून्य टक्के, १५० म्हणजे शंभर. ईसीयू त्याप्रमाणे पेट्रोलचा मॅप (इंधन, बूस्ट, टायमिंग यांचा तक्ता) आणि इथेनॉलचा मॅप यांच्या मधलं काहीतरी चालवतो. सगळं धरून, म्हणजे सामान, बसवणं, डायनोवरचं (चाकांवरची ताकद मोजायचं मशीन) ट्यूनिंग, साधारण २,२०० डॉलर गेले, ॲक्सेसपोर्ट आधीचाच होता. कोणी म्हणत असेल सेन्सरचे पैसे वाचव आणि ई८५चा एकच पक्का मॅप टाक, तर ऐकू नका, का ते पुढे लिहितो.

डायनोचे आकडे, मशीन तेच, ट्यूनरही तोच, दोन्ही वेळा. प्रीमियमवर चाकांवर २६८ हॉर्सपॉवर आणि २९० पाउंड-फूट टॉर्क होता. ई८५वर ३३१ आणि ३७२. बूस्ट १७ पीएसआयवरून साडेवीसला नेला, वर रेडलाइनकडे तो १६ला उतरतो कारण व्हीएफ४८ लहान टर्बो आहे, वरती त्याचा दम संपतोच. टायमिंग पाच-सहा डिग्री पुढे. आकडे छान आहेत पण मला जे हवं होतं ते आकड्यात नव्हतं. घरी येताना संध्याकाळी हायवेवर तिसऱ्या गिअरला पाय दाबला आणि स्क्रीनकडे बघितलं तर नॉक शून्य. परत दाबला, शून्य. गेल्या चौदा महिन्यात उन्हाळा हिवाळा धरून सव्वाशेच्या वर लॉग (चालवतानाच्या आकड्यांच्या नोंदी) काढले असतील, उन्हाळ्याच्या इंधनावर पूर्ण लोडला एकदाही आकडा हललेला नाही. तीन हजार आरपीएमला टर्बो जागा होतो तेव्हा गाडी आता अंगावर येत नाही, सरळ ओढत नेते, आवाजही थोडा मऊ झालाय. मागून मिरचीसारखा झोंबणारा वास येतो तो मात्र सवय होईपर्यंत शेजाऱ्यांना त्रास होतो. माझं बालपण वाळवा तालुक्यात गेलं, साखर कारखान्याच्या डिस्टिलरीवरून वारा आला की मळीचा वास गावभर असायचा. इथलं इथेनॉल मक्याचं, वास तसा वेगळा, पण थंडीत गाडी चालू केल्यावर पहिल्या मिनिटाला दर वेळी गाव आठवतं.

खर्चाचं विचाराल तर सरासरी २० मैल गॅलनमागे मिळायची ती १५वर आली. १५.९ गॅलनच्या टाकीत आधी तीनशे मैल जायचो, आता सव्वादोनशेला दिवा लागतो. ई८५ला २.६० देतो तेव्हा प्रीमियम ३.८०च्या आसपास असतं, म्हणजे मैलामागे सव्वासतरा सेंट विरुद्ध एकोणीस. पैसे वाचतात म्हणून करायचं असेल तर करू नका, थोडे वाचतात पण २,२०० वसूल व्हायला आयुष्य जाईल. आणि लांब जायचं असेल तर वाटेत ई८५चा पंप कुठे आहे ते आधी बघावं लागतं. मिनेसोटा, आयोवात पिवळ्या नळीचे पंप जागोजाग आहेत, पश्चिमेला डोंगराकडे निघालात की विरळ होतात. फ्लेक्स सेन्सर असेल तर तिथे प्रीमियम भरून पुढे जाता येतं, हा त्याचा मोठा आधार आहे.

आता मुख्य गोष्ट. ई८५ नावात ८५ आहे, टाकीत नाही. नियमाप्रमाणे ५१ ते ८३ टक्क्यांपर्यंत काहीही असलं तरी ते ई८५ म्हणूनच विकतात, आणि थंडीत गाड्या चालू व्हाव्यात म्हणून मुद्दाम इथेनॉल कमी करतात. मी प्रत्येक नवीन पंपावर तपासतो. एक काचेची नळी मिळते, रेघा मारलेली. खालच्या रेघेपर्यंत पाणी, वरच्या रेघेपर्यंत पंपावरचं इंधन, बूच घट्ट लावून हलवायची आणि गाडी पंपापासून बाजूला घेऊन नळी सपाट जागी उभी करून ठेवायची. इथेनॉल पाण्यात मिसळतं, पेट्रोल मिसळत नाही, त्यामुळे दोन-तीन मिनिटात मधे रेघ पडते आणि ती जिथे असेल तो आकडा वाचायचा. पाण्यात थेंबभर खायचा रंग घातला तर रेघ लांबूनही दिसते, घरात जिलेबीचा केशरी होता तोच मी वापरतो. जूनमधे ८२, ८३ येतं. ऑक्टोबरमधे ७४. जानेवारीत ६८. आणि नोव्हेंबरमधे एका पंपावर, नाव घेत नाही, चक्क ५८ आलं, नळी तीनदा धुऊन परत केली तरी ५८. आता विचार करा, पक्का मॅप ८०ला बांधलेला असता तर मिश्रण जास्त रिच (हवेच्या मानाने इंधन जास्त) झालं असतं ते एक वेळ ठीक, पण टायमिंग ८०चं आणि इंधन ५८चं, म्हणजे नॉक परत दारात उभा. सेन्सर असल्यामुळे गाडीने स्वतःहून टायमिंग कमी केलं आणि मी घरी आलो. हां, सेन्सरलाही वेळ द्यायचा. टाकी भरल्यावर नवीन इंधन लाइनमधून फिरून परतीच्या बाजूला येईपर्यंत जुनाच आकडा दिसत राहतो, त्यामुळे भरल्यावर पाच-दहा मिनिटं शांत चालवायची, मी तर आकडा स्थिर झाल्याशिवाय पाय दाबतच नाही.

हिवाळा. पेट्रोलची वाफ उणे चाळीसलाही पेट घेण्याइतकी होते, इथेनॉलला त्यासाठी बारा-तेरा डिग्रीच्या वर ऊब लागते, म्हणजे थंडीत गाडी चालू होते ती मिश्रणातल्या पेट्रोलच्या जिवावर. डिसेंबरपर्यंत काही त्रास नव्हता, थोडा जास्त वेळ स्टार्टर फिरवावा लागायचा इतकंच. जानेवारीत एका सकाळी उणे २६ होतं, टाकीत ६८ टक्के, सहा-सात सेकंद फिरवली, पेटली नाही, थांबलो, परत फिरवली तेव्हा एक-एक सिलिंडर धरत कशीबशी चालू झाली. त्या दिवसापासून इंजिन गरम करणारा ब्लॉक हीटर दोन तास आधी लावायचा नियम केला आणि टाकीत ई४०च्या वर ठेवलं नाही. हिशोब सोपा आहे, ७० टक्क्यांचं सात गॅलन आणि साधं प्रीमियम सात गॅलन, प्रीमियममधे आधीच १० टक्के असतं, म्हणजे सरासरी ४०. त्यावर उणे २०लाही गाडी नीट उठली. आणि खरं सांगू का, ई४०वर पण नॉक जवळजवळ नाहीसाच होता, दोन वेळा -१.४१ दिसला तेवढाच. ज्याला इंजेक्टर बदलायचे नाहीत आणि ३०० हॉर्सपॉवरच्या पुढे जायचंच नाही त्याने ट्यूनरशी बोलून ई३०च्या आसपासचा विचार जरूर करावा, फायद्याचा मोठा वाटा तिथेच हातात येतो.

एकदा मात्र घाबरलो होतो. फेब्रुवारीत सकाळी बायको बरोबर होती, गॅरेजमधून निघालो आणि ती म्हणाली, अरे, पेट्रोलचा वास येतोय, खूप येतोय. मला वाटलं नेहमीचा चालू करतानाचा वास असेल, पण ती म्हणाली नाही, हा वेगळा आहे, तू गाडी बंद कर. बॉनेट उघडलं तर इनटेकच्या खाली रबरी नळीच्या टोकाला ओल आणि थेंब जमलेले. ज्या दुकानात काम करून घेतलं त्यांनी नवीन नळी घातली होती पण क्लॅम्प जुनाच परत वापरलेला, थंडीत रबर आकसलं आणि तिथून गळायला लागलं. खाली गरम एक्झॉस्ट आहे, अजून दहा मिनिटं चालवली असती तर काय झालं असतं याचा विचार आजही नको वाटतो. दुकानाने फोनवर थंडीत होतं असं असं उत्तर दिलं, त्याचा राग अजून आहे. मी स्वतः सगळे क्लॅम्प काढून इंजेक्शनच्या नळीचे गोल क्लॅम्प लावले आणि गॅरेजमधे उणे १५ला परत घट्ट केले. तुम्ही कोणाकडूनही करून घ्या, पहिल्या थंडीत टॉर्च घेऊन प्रत्येक जोड हात लावून बघा, आणि गाडीत बसलेलं कोणी वास येतोय म्हणालं तर आधी गाडी बंद करा.

ऑइलकडे लक्ष जास्त द्यावं लागतं. थंडीत छोट्या फेऱ्या मारल्या की न जळलेलं इथेनॉल आणि पाणी ऑइलमधे उतरतं, माझ्या ऑइल कॅपखाली एकदा ताकासारखा पांढरट थर आला होता. आता तीन हजार मैलांना बदलतो आणि आठवड्यातून एकदा तरी चाळीस-पन्नास मिनिटं सलग चालवून ऑइल नीट तापू देतो. गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर आधी टाकी रिकामी करत आणून साधं पेट्रोल भरतो आणि थोडी चालवतो, म्हणजे इंजेक्टरमधे तेच राहतं. इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं, महिनाभर साचून राहिलं की इंजेक्टरची वाट लावतं.

गावाकडून भाऊ सारखा फोनवर विचारतो, दादा, आपल्याकडे आता ई२०च मिळतं, मग माझ्या टीएसआयची (टर्बो पेट्रोल गाडी) पॉवर वाढेल का? त्याला जे सांगितलं तेच इथे लिहितो. ट्यूनिंग न करता वाढत नाही, मायलेज थोडं पडेल तेवढं पडेल. एप्रिल २०२३नंतरच्या गाड्यांचं रबर, सील ई२०ला चालेल असं असतं, त्याच्या गाडीचं मॅन्युअल आधी बघ म्हटलं. इंडियन ऑइलने मार्च २०२४मधे १८३ पंपांवर ई१०० आणलं, महाराष्ट्रातही, म्हणून तो फार हुरळलाय, पण इंजेक्टर आणि पंप पुरतात का ते कळल्याशिवाय आणि टक्का मोजायचं काही साधन असल्याशिवाय टर्बोच्या गाडीत ते ओतू नकोस असं त्याला निक्षून सांगितलंय. ऊस आपला, कारखाने आपले, तिथे हे सगळं व्हावं असं मलाही मनापासून वाटतं, पण पहिली गाडी त्याची जळायला नको.

गेल्या आठवड्यात लीकडाऊन टेस्ट करून घेतली, वेगळ्या दुकानात; सिलिंडरमधे भरलेली हवा किती टक्के गळते ते त्यात कळतं, कमी तितकं चांगलं. चार सिलिंडर, ६, ६, ८, ७ टक्के. ई८५ घालायच्या आधी याच इंजिनाचे ६, ६, ७, ७ होते. स्पार्क प्लग काढून बघितले, पोर्सेलिनवर काळे ठिपके नाहीत, म्हणजे नॉकची खूण नाही. ऑक्टोबरच्या आत इंधनाच्या सगळ्या रबरी नळ्या नवीन घालणार आहे, बाकी कशाला हात लावायचा नाही.